२५ हजारात इलेक्ट्रिक गिटार: नवी घ्यावी, जुनी घ्यावी, का स्वस्तातली घेऊन पिकअप बदलावेत?

खटखट_पूर्वभाग

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी सोलापूरचा, पूर्व भागात राहतो, खाली यंत्रमाग आणि वर आमचं घर. चार वर्षं झाली अकूस्टिक वाजवतोय, आता इलेक्ट्रिक घ्यायचीच असं ठरवलंय. बोनस आणि थोडी साठवण धरून २५ हजार आहेत, त्यातच गिटार, अँप, केबल सगळं बसवायचंय.

इथं दुकानं फिरून आलो. हार्मोनियम, तबला, ढोलकी पाहिजे तेवढी, इलेक्ट्रिक म्हणलं की भिंतीवर दोन टांगलेल्या, त्यातली एक हात लावू देईनात. त्यामुळं ऑनलाइनच बघायलोय. यादी अशी आहे: यामाहा पॅसिफिका ०१२, स्क्वायरची अफिनिटी नाहीतर सॉनिक, कॉर्ट जी ११०, आणि एक मित्र म्हणतोय थेट जर्मनीवरून हार्ली बेंटन मागव, दिसायला लाखाची वाटते.

माझा प्लॅन असा की सगळ्यात स्वस्त घ्यायची आणि उरलेल्या पैशात पिकअप (तारेचं कंपन पकडणारे चुंबक) बदलायचे, कारण सगळे व्हिडिओवाले म्हणतात आवाज पिकअपमध्येच असतो. बरोबर आहे का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

पुण्यातला_सोलापूरकर

भावा, आधी हार्ली बेंटनचं डोक्यातून काढ. गिटार वाईट नाही, उलट त्या पैशात चांगलीच असते. पण ती थोमान नावाच्या जर्मन दुकानाची घरची ब्रँड आहे, म्हणजे तिथली किंमत, वर कुरिअर, वर कस्टम ड्युटी, वर टॅक्स. वेबसाइटवर दिसते ती किंमत आणि घराच्या दारात पडते ती किंमत यात फार अंतर पडतं. आणि नेक (गिटारीची मान) वाकडी निघाली तर परत कुणाकडं पाठवणार, जर्मनीला? पाठवायचा खर्चच गिटारीच्या निम्मा होईल.

बाकी तिन्ही इथं मिळतात. तिन्ही 'इम्पोर्टेड'च आहेत, फक्त कुणीतरी आधीच आणून ठेवल्यात. पॅसिफिका इंडोनेशियात बनते. स्क्वायर ही फेंडरचीच धाकटी ब्रँड, १९८२ साली जपानमध्ये सुरू झाली, आता इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनते. कॉर्ट कोरियन कंपनी, कारखाना इंडोनेशियातल्या सुराबायाला. आणि गंमत म्हणजे कॉर्टच्या कारखान्यात दुसऱ्या ब्रँडच्या गिटारीपण बनतात, बऱ्याच स्क्वायर तिथल्याच. त्यामुळं डोक्यावर नाव कुठलं यावरून फार भांडण्यात अर्थ नाही.

माझं मत, सेकंडहँड घे. पुण्यात इंजिनिअरिंगची पोरं पहिल्या वर्षाला घेतात आणि शेवटच्या वर्षाला विकतात, मध्ये ती कपाटावर झोपलेली असते.

कडकभाकरी

पॅसिफिका. विषय संपला. ब्रिजला (बॉडीवर तारा जिथं अडकवतात तिथं) हमबकर मिळतो, स्क्वायरमध्ये तीन सिंगल कॉइल घेऊन दिवसभर घूं घूं ऐकत बसशील.

खटखट_पूर्वभाग

घूं घूं मंजे? बिघाड असतो का तो?

सोल्डरगन

बिघाड नाही. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी, ती तारेचं कंपन पकडते तशी घरातल्या ५० हर्ट्झ लाइनची गुणगुणपण पकडते. हमबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळं ती गुणगुण एकमेकीला मारते. नावच त्यावरून पडलंय.

तुझ्या खाली माग आहेत म्हणलास, मोटारी, जुने ट्यूबलाइटचे चोक, सगळा कचरा लाइनमध्ये येणार. तरी घाबरू नको, स्क्वायरचं झाकण उघडून आत तांब्याची चिकटपट्टी लावली आणि ती ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो. सगळं जाईल असं मात्र नाही, मोटारीपासून लांब, अंग थोडं फिरवून बसायचं, कोन बदलला तरी हम कमी जास्त होतो.

मी टीव्ही-मिक्सर दुरुस्ती करतो, गिटार स्वतःला वाजवता येत नाही, पण मंडळांच्या पोरांच्या दोन-तीन डझन तरी उघडल्यात. त्या अनुभवावरून एक महत्त्वाचं: तारेला हात लावल्यावर हम कमी झाला तर नॉर्मल. पण तारेला हात असताना माइकला ओठ लागले आणि झिणझिण्या आल्या, तर तिथंच थांबायचं. अर्थिंग गेलेलं आहे. मांडवातल्या बोर्डाला थ्री पिनची तिसरी पिन कापून घालणारे लई शहाणे बघितलेत मी. ते करू नका.

ऑर्केस्ट्रा_काका

खटखट बाळा, तुझ्या मूळ प्रश्नाकडं कुणी येईना म्हणून लिहितो. मी पस्तीस वर्षं वाजवली, गणपतीत, लग्नात, गड्ड्याच्या जत्रेत स्टेजवर, थंडीत बोटं गारठून. पिकअप बदलणं हे सगळ्यात शेवटचं काम. का ते सांगतो.

स्वस्त गिटारीत लाकूड बरं असतं, नेक मशीनवर कापलेली असते त्यामुळं तीपण बरी असते, कारखाना पैसा वाचवतो तो हाताच्या कामात. नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकायची खाचांची पट्टी) नीट घासलेला नसतो, फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं गोल केलेली नसतात, सेटअप कसाबसा. म्हणजे तू जेव्हा म्हणतोस 'स्वस्त वाटतीय', तेव्हा ऐंशी टक्के वेळा तुझ्या डाव्या हाताला ते वाटत असतं, कानाला नाही. पिकअप बदलून डावा हात बरा होत नाही.

घरी आणल्यावर ही परीक्षा कर. कुठलीही तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहती बघ. केसाएवढी पाहिजे. नखाएवढी असली तर नटाची खाच उंच आहे. अशा गिटारीवर एफ कॉर्ड धरताना जीव जातो, आणि वर पहिल्या दोन फ्रेटवर सूर चढाच लागतो, कारण तार खाली नेताना ताणली जाती. पोरं म्हणतात ट्यूनर खराब आहे. ट्यूनरचा काय दोष?

नंतर जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाब, मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट पाहिजे, पाव मिलिमीटरच्या आसपास. जास्त असली तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, थांब, परत ट्यून कर, परत बघ. एका दमात अर्धा फेरासुद्धा नाही. सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दीड मिलिमीटरच्या थोडी वर, फेंडरवाले १.६ म्हणतात, तिथून सुरुवात कर आणि आपल्या हाताला जमेल तसं कमी जास्त कर.

जुळेसोलापूर_शिकाऊ

काका, तुमची ती तिसऱ्या फ्रेटची परीक्षा आत्ता करून बघितली. फटीतून एटीएम कार्ड जाईल माझ्या गिटारीत 😭 दीड वर्ष क्लासचे सर मला 'बोटात ताकद नाही तुझ्या' म्हणायलेत.

ऑर्केस्ट्रा_काका

ताई, ताकद भरपूर आहे. नट घासून घ्या.

कडकभाकरी

हे सगळं खरंय काका, पण पिकअपनी फरक पडत नाही हे मान्य नाही. माझ्या जुन्या स्वस्त गिटारीत सिरॅमिक होते, खाली एक पट्टी चुंबक चिकटवलेला आणि वर साधे लोखंडी खुंट. अल्निको ५ चुंबकांचा सेट टाकल्यावर आवाज उघडला, कर्कशपणा गेला. कान बधिर नाहीत माझे.

ऑर्केस्ट्रा_काका

फरक पडत नाही असं कुठं म्हणलो? शेवटी म्हणलो. आणि खरं सांग, पिकअप बदलताना नव्या तारापण टाकल्या का नाही?

कडकभाकरी

...टाकल्या की.

पुण्यातला_सोलापूरकर

😂😂

अपग्रेडवाल्यांसाठी माझी चूक लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील. माझ्या अफिनिटीला मी अमेरिकन मापाचा चांगला ब्रिज मागवला, जड ब्लॉकवाला, सस्टेन, म्हणजे सूर टिकणं, वाढेल म्हणून. पहिली गोष्ट, अफिनिटीची बॉडी खऱ्या स्ट्रॅटपेक्षा (फेंडरची मूळ स्ट्रॅटोकास्टर) पातळ, माझी ४० मिलिमीटर भरली, अमेरिकन ४५ च्या आसपास असते, त्यामुळं तो ब्लॉक मागून बाहेर डोकवायला लागला, मागचं झाकणच बसेना. दुसरी गोष्ट, स्क्रूची भोकं जुळेनात. व्हिंटेज मापात तारांचा पसारा ५६ मिलिमीटर असतो, मॉडर्न अमेरिकनमध्ये साडेबावन्न, आणि आशियाई गिटारीत कधी ५२ कधी ५४. पॉटचंपण (व्हॉल्युम-टोनच्या नॉबखालचा भाग) तसंच, इकडचे छोटे पॉट काढून अमेरिकन मोठे घालायला गेलात तर पिकगार्डची भोकं मोठी करावी लागतात, आणि जुने नॉब नव्या दांड्यावर बसत नाहीत, दातेच वेगळे. आधी पट्टी घेऊन मापा, मग ऑर्डर करा. तो ब्रिज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, बायको विचारते हे काय, मी म्हणतो पेपरवेट.

आणि काढलेले मूळ पार्ट टाकू नका. एका पिशवीत ठेवा. विकताना गिटार मूळ किंमतीच्या हिशोबानंच जाते, वर घातलेले आठ-दहा हजार कुणी देत नाही.

खटखट_पूर्वभाग

तीन आठवडे झाले, अपडेट देतोय.

सेकंडहँडच घेतली. पुण्यात एका पोराकडं स्क्वायर अफिनिटी स्ट्रॅट होती, १६ म्हणत होता, १३,५०० ला दिली. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो, रात्रीच्या हुतात्मानं परत, गिटार मांडीवर, शेजारचे आजोबा दौंडपर्यंत विचारत होते बॉक्समध्ये काय आहे म्हणून. हेडच्या मागं सिरियल आयसीएस १९ नं सुरू होतं, पुण्यातल्या दादानं फोनवर फोड करून सांगितलं: आय म्हणजे इंडोनेशिया, सी म्हणजे कॉर्ट, एस म्हणजे स्क्वायर, आणि १९ म्हणजे २०१९. म्हणजे शेवटी कॉर्टचाच कारखाना 🙂

घेताना तुम्ही सांगितलेलं सगळं बघितलं. नेक डोळ्याला लावून सरळ, ट्रस रॉड फिरतोय, सगळ्या फ्रेटवर सगळ्या तारा वाजवून कुठं मुकी होत नाही, स्विच पाचही जागी चालतो. व्हॉल्युम फिरवताना खरखर होती, ती दाखवून पाचशे कमी करून घेतले, घरी आल्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, गेली.

आता अडचणी. एक, नट उंच आहे, काकांची परीक्षा नापास. दोन, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचतात, पुण्यात एवढं जाणवलं नव्हतं, इथं आठवडाभरात करवत झाल्यासारखं झालंय. तीन, हँडल (ब्रिजला लावलेला, सूर हलवायचा दांडा) दाबलं की ट्यूनिंग जातं. चार, होम थिएटरला जोडली तर आवाज रजईखालून आल्यासारखा येतो.

आणि फ्रेटबोर्ड कोरडा पडलाय, घरात खोबरेल आहे, लावू का?

ऑर्केस्ट्रा_काका

खोबरेल नको. खवट होतं, मग वासानंच गिटार विकावी लागेल. फ्रेटबोर्डचं लेमन ऑइल मिळतं, दोन थेंब फडक्यावर, पुसून कोरडं. वर्षातून दोनदा बास. मेपलचा पॉलिश केलेला बोर्ड असला तर तेही नको.

टोकं बोचतात ते आपल्या हवेनं. गिटार बनली दमट हवेत, आली सोलापूरच्या मार्चमध्ये, लाकूड सुकून आक्रसतं, फ्रेट धातूचे, ते आहे तेवढेच राहतात, म्हणून टोकं बाहेर येतात. बारीक कानस तिरकी धरून टोकं मोडून घे, घाई करू नको. तेवढं झालं की एप्रिल-मेमध्ये गिटार गच्चीच्या खोलीत ठेवू नको, केसमध्ये ठेव.

सोल्डरगन

फ्रेट चमकवायला स्टील वूल वापरणार असशील तर पिकअपवर आधी मास्किंग टेप लाव. त्याचा लोखंडी भुगा चुंबकाला चिकटला की जन्मात निघत नाही.

चौथ्याचं उत्तर: होम थिएटरचं इनपुट गिटारीसाठी नसतं. गिटारीच्या पिकअपला समोर मेगाओहमच्या घरातला इनपुट लागतो, होम थिएटरचा त्यामानानं फारच कमी, तो वरचे सूर खाऊन टाकतो. पिकअप बदलून हे सुधारणार नाही! याच आवाजाला वैतागून लोक पिकअप मागवतात. साधा छोटा गिटार अँप घे, नाहीतर गिटारीचं इनपुट असलेलं यूएसबी इंटरफेस.

पुण्यातला_सोलापूरकर

हँडलचं: नटाच्या खाचेत शिसपेन्सिल घास, तार सरकायला लागती. नव्या तारा टाक, ०.००९ चा सेट, खुंटीवर दोन-तीन वेढे, आणि घातल्यावर हातानं ताणून ताणून ट्यून कर. तरी जात असेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळ, ब्रिज बॉडीला टेकवून टाक. आपल्याला काय विमान उडवायचंय का हँडलनं.

एक अवांतर. तुझी २०१९ ची आहे म्हणजे फ्रेटबोर्ड बहुतेक 'इंडियन लॉरेल' असेल. २०१७ साली रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली, नंतर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तरी स्वस्त गिटारीत ती नवी लाकडं राहिलीच. तर हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन! विदर्भात ज्याच्या पानांवर टसरचे किडे वाढवतात तोच. आपण इम्पोर्टेड इम्पोर्टेड म्हणून नाचतोय आणि बोटाखाली ऐनाचं लाकूड.

खटखट_पूर्वभाग

काय सांगताय!! वडलांना वाचून दाखवलं, आख्खी हयात सुतात गेलेला माणूस, चष्मा लावून फ्रेटबोर्डवर हात फिरवून म्हणले, "होय की, ऐनच दिसतोय." आधी त्या गिटारीकडं बघतपण नव्हते.

नट कुणाकडं घासून घेऊ ते सांगा, स्वतः करायची हिंमत नाही, खाच खोल गेली तर संपलं.

ऑर्केस्ट्रा_काका

मिरजेला जा.

कडकभाकरी

काका मिरजेत सतार-तंबोरे बनवतात.

ऑर्केस्ट्रा_काका

म्हणूनच सांगतोय. हाडाची घोडी कागदाएवढी घासून जवारी (सतार-तंबोऱ्याची झणझण) काढणारा माणूस, त्याला गिटारीच्या नटाची खाच काय अवघड? फक्त काय पाहिजे ते नीट समजावून सांग, आणि त्याच जाडीच्या तारा बरोबर ने.

खटखट_पूर्वभाग

जाऊन आलो. सविस्तर लिहितो कारण मजा आली.

यष्टीनं गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आपल्या चादरीसारखंच, एवढंच माहीत होतं. एका छोट्या दुकानात वयस्कर कारागीर भोपळ्याला बसले होते. त्यांनी गिटार उलटीपालटी केली, ठोकून बघितली, आणि विचारलं काय पाहिजे. मी म्हणलो, तार खाली पाहिजे पण पडद्यावर झणझणली नाही पाहिजे. ते हसायलाच लागले. म्हणले, "झणझणू नये म्हणून पैसे देणार? आमच्याकडं झणझणावी म्हणून देतात."

प्लॅस्टिकचा नट हलक्या हातानं ठोकून काढला, हाडाचा तुकडा घेऊन नवा केला. दोन तास लागले. प्रत्येक खाच तारेच्या जाडीएवढी, आणि खुंटीच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे तार फ्रेटच्या बाजूच्या कडेवरूनच सुटते. मध्येच त्यांनी पहिल्या फ्रेटवर बोट ठेवून सूर ऐकला आणि "अजून चढाय" म्हणून परत दोनदा कानस फिरवली. ट्यूनर नाही, मोबाइल नाही, कानानं. मी नंतर ट्यूनर लावून बघितला, काटा मधोमध.

पैसे सहाशे घेतले. चहा त्यांनीच पाजला.

घरी येऊन इंटोनेशन केलं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळवायचा, दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागं, उतरा आला तर पुढं. पाच तारा झाल्या, जी तारेचा स्क्रू गंजलेला, त्यात अर्धा रविवार गेला. सोल्डरगन दादांकडं जाऊन तांब्याची पट्टी लावून घेतली, जॅकची सैल झालेली वायर त्यांनी फुकटात जोडून दिली. घूं घूं आता माग बंद असताना जवळजवळ नाही, चालू असताना आहे थोडी.

आणि एफ कॉर्ड बसतोय. पहिल्यांदा. लई भारी वाटायलंय.

कडकभाकरी

मग पिकअप कुठले टाकणार ते बोल.

खटखट_पूर्वभाग

खरं सांगू का, आत्ता वाटत नाही टाकावे. आहेत ते थोडे कर्कश आहेत ब्रिजला, पण सोल्डरगन दादांनी पिकअपची उंची थोडी उतरवली आणि टोन नॉब सातवर ठेवला की चालतंय. मधल्या आणि नेकच्या जागी तर छान वाजते. पुढच्या वर्षी बघू.

कडकभाकरी

पुढच्या वर्षी याच धाग्यावर भेटू बे 😏

जुळेसोलापूर_शिकाऊ

त्या मिरजेच्या दुकानाची खूण मला मेसेज करा प्लीज. आणि क्लासच्या सरांना हा धागा पाठवलाय.

पुण्यातला_सोलापूरकर

सर काय म्हणले?

जुळेसोलापूर_शिकाऊ

"माझ्यापण गिटारीचं बघायला पाहिजे" 😄

खटखट_पूर्वभाग

पैशाचा हिशोब कुणीतरी मेसेजमध्ये विचारला म्हणून: गिटार १३,५००, पुणे-मिरज जाणंयेणं आणि खाणं साधारण १,२००, नट ६००, तारांचे दोन सेट, तांब्याची पट्टी, तेल, कानस मिळून १,७००, केबल ६००. म्हणजे साडेसतरा-अठरा. सात हजार उरलेत आणि अँप अजून नाही, होम थिएटरवरच चाललंय, तो रजईतला आवाज काय सहन होईना.

काका, तुम्ही मागं फोनवर म्हणाला होता तुमचा जुना पंधरा वॉटचा अँप कुणी घेत असेल तर द्यायचाय. अजून आहे का दिला?

ऑर्केस्ट्रा_काका

आहे. रविवारी दहाच्या आत ये, नंतर मला जेवायला बाहेर जायचंय. गिटार घेऊन ये, वाजवून बघ, मग पैशाचं बोलू. आणि केबल तुझी आण, माझी उंदरानं खाल्ली.